एचआयव्हीसह वाढणारं मूल: पहिल्या तपासणीपासून मोठ्यांच्या ओपीडीपर्यंत

एचआयव्ही असलेल्या मुलाच्या फायलीत दर भेटीचं वजन असतं, रक्ताचे रिपोर्ट असतात, बदललेल्या गोळ्यांच्या नोंदी असतात. पण रोज रात्री गोळी कोण देतं, डबी कुठे लपवलेली असते, ही गोळी कशासाठी आहे असं मुलाने विचारल्यावर घरातलं कोण काय उत्तर देतं, यातलं काहीच तिथे नसतं. औषधं आता इतकी चांगली आहेत, की वेळेवर सुरू झाली आणि नियमित घेतली तर मूल म्हातारं होईपर्यंत जगू शकतं. उपचार फसतात तेव्हा ते बहुतेक वेळा या न लिहिलेल्या भागात फसतात.

म्हणून हा लेख वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा: गोळी आज कोणाच्या हातात आहे? तान्हेपणी ती पूर्णपणे तुमच्या हातात असते आणि अठराव्या वर्षी ती पूर्णपणे मुलाच्या हातात जायला हवी. मधली सगळी वर्षं हे हस्तांतर चालू असतं. लेख मुख्यतः मुलाला सांभाळणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे आई-वडील, आजी, मावशी, वसतिगृहातल्या ताई. समुपदेशकांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल. डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. इथे दिलेली माहिती त्यांना योग्य प्रश्न विचारण्यासाठी आहे.

पहिला टप्पा: बाळाची तपासणी

आईला एचआयव्ही असेल तर तिच्या शरीरातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळात येतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे मोठ्यांची करतात ती झटपट चाचणी तान्ह्या बाळावर केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर त्यातून आईबद्दल कळतं, बाळाबद्दल नाही. बाळासाठी थेट विषाणूचा शोध घेणारी चाचणी लागते. एचआयव्हीच्या उपचार केंद्रात तिला पीसीआर म्हणतात. टाचेतून काढलेले रक्ताचे काही थेंब कागदावर सुकवूनही ती करता येते.

ही चाचणी एकदाच करून भागत नाही. पहिली बाळ चार ते सहा आठवड्यांचं असताना होते, पुढची साधारण नऊ महिन्यांना. शेवटचा निकाल १८ महिने पूर्ण झाल्यावर किंवा अंगावरचं दूध थांबून तीन महिने झाल्यावर, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा लागतो. पहिली चाचणी निगेटिव्ह आली की घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि बरीच कुटुंबं पुढच्या तारखांना येतच नाहीत. पण बाळ अंगावर पीत आहे तोवर धोका संपलेला नसतो. आईची औषधं नीट चालू असतील तर तो खूपच कमी होतो, तरीही तपासण्या पूर्ण कराव्याच लागतात.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात, पण त्याच्या निकालासाठी औषध थांबवून ठेवायचं नसतं. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात आणि जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी. दक्षिण आफ्रिकेत बाळांवर झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. लक्षणांची वाट न पाहता काही आठवड्यांच्या वयातच औषध सुरू केलेल्या बाळांमधले मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले होते. 'जरा बाळसं धरू दे, मग बघू' हा विचार मायेतून येतो, पण बाळाच्या जिवावर बेततो.

घरातल्या बाकीच्या मुलांचीही तपासणी करा, अगदी धडधाकट दिसणाऱ्या थोरल्याचीही. जन्मतः लागण झालेली काही मुलं विशेष आजारी न पडता दहा-बारा वर्षं काढतात. उंची थोडी कमी, कान वारंवार फुटतो, अंगावर पुरळ येतं, एवढ्यावरच निभावतं आणि कोणाला शंका येत नाही.

आणखी एक अवघड शक्यता इथेच सांगायला हवी. मूल पॉझिटिव्ह आणि आई निगेटिव्ह असं निघालं तर लागण कशी झाली याचा शोध शांतपणे घ्यावा लागतो. दूषित सुई किंवा रक्त हे कारण असू शकतं, तसंच लैंगिक अत्याचारही असू शकतो. अशा वेळी मुलावर प्रश्नांचा भडिमार करू नका. अनुभवी समुपदेशक आणि बालसंरक्षणाचं काम करणाऱ्यांना सोबत घ्या. अत्याचार नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, लागण टाळणारी औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यायची असतात.

दुसरा टप्पा: औषध सुरू होताना

काही वर्षांपूर्वीपर्यंत लहान मुलांना जे पातळ औषध दिलं जायचं ते भयंकर कडू होतं. त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोल होतं आणि ते थंड ठेवावं लागे. बाळ थुंकायचं, आई रडायची, आणि फायलीत 'औषध नियमित नाही' अशी नोंद व्हायची. २०२० साली डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी आली, तेव्हा चित्र बदललं. वय किमान चार आठवडे आणि वजन किमान ३ किलो असलेल्या बाळापासून ती देता येते. तिच्यासोबत साधारणपणे अबाकाविर आणि लॅमिव्ह्युडिन असतात. आता ही तिन्ही औषधं एकाच विरघळणाऱ्या गोळीतही मिळू लागली आहेत.

मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि मूल वाढत असतं. त्यामुळे 'मागच्या महिन्याचंच द्या' हे वाक्य औषधाच्या खिडकीवर कधीही उच्चारू नका. दर भेटीला वजन झालंच पाहिजे. वजनाचा टप्पा ओलांडला असेल तर गोळ्यांची संख्या बदलते. ती बदलली नाही तर औषध कमी पडतं आणि विषाणूला त्या औषधाशी झगडायला शिकण्याची आयती संधी मिळते.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी काही गोष्टी समजून घ्या.

विरघळणारी गोळी आणि गिळायची गोळी यांचे आकडे एकमेकांना लावायचे नसतात. डोल्युटेग्राविरच्या विरघळणाऱ्या गोळ्यांचे ३० मिलिग्रॅम साधारण ५० मिलिग्रॅमच्या गिळायच्या गोळीइतकं काम करतात. एक संपली म्हणून घरच्या घरी दुसरीचा हिशोब करू नका.

अबाकाविर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप, गळून जाणं यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, आणि दर डोसनंतर वाढत गेली, तर लगेच केंद्र गाठा. ही अबाकाविरची अ‍ॅलर्जी ठरली तर ते औषध आयुष्यात पुन्हा द्यायचं नसतं, कारण दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. फायलीच्या पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरची काही औषधं डोल्युटेग्राविरला शरीरात नीट शोषू देत नाहीत, त्यामुळे दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारा. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. क्षयाची औषधं देणारे आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, देणारे डॉक्टर वेगळे असतील तर ही गोष्ट दोघांनाही सांगण्याचं काम तुमच्यावर येतं.

बाळ चार ते सहा आठवड्यांचं झालं की कोट्रायमॉक्सॅझोलही सुरू होतं. ते एचआयव्हीवरचं औषध नाही. न्यूमोनियासारख्या संसर्गांपासून ते बाळाला वाचवतं. एचआयव्ही नसल्याचं पक्कं होईपर्यंत किंवा डॉक्टर थांबवेपर्यंत ते चालू ठेवायचं.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मूल अचानक आजारी पडल्यासारखं वाटू शकतं. गाठी सुजतात, ताप येतो. जागी होणारी प्रतिकारशक्ती शरीरात आधीपासून दडलेल्या संसर्गाशी झगडू लागते, म्हणून असं होतं. घाबरून एआरटी स्वतःहून बंद करू नका, मुलाला दाखवून आणा.

तिसरा टप्पा: रोजची गोळी

वेळ अशी निवडा, की त्या वेळी घरात एक जबाबदार माणूस रोज असतो. सकाळच्या घाईपेक्षा झोपण्यापूर्वीची वेळ बऱ्याच घरांना सोयीची पडते, पण पहाटे कामावर जाणाऱ्या आईसाठी तसं नसेलही. वेळेत थोडं पुढे-मागे झालं तर आभाळ कोसळत नाही. दिवसच चुकणं महागात पडतं.

विरघळणारी गोळी थोड्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळू द्या आणि अर्ध्या तासाच्या आत पाजा. मग त्याच पेल्यात अजून थोडं पाणी घालून, हलवून तेही पाजा. तळाशी राहिलेला थर हा डोसचाच भाग असतो. डोस दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर साधारणपणे पुन्हा द्यायचा असतो, तरी तुमच्या केंद्राची सूचना आधीच विचारून ठेवा. डोस चुकला तर आठवेल तेव्हा द्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

गोळी गिळायला शिकवण्याचा सराव गरज पडण्याच्या दोन-तीन महिने आधी, खेळीमेळीत सुरू करा. पाठ सरळ, मान किंचित खाली, आधी घोटभर पाणी, मग गोळी, मग पुन्हा पाणी. आधी अगदी बारीक कणापासून सुरुवात करून हळूहळू आकार वाढवा. मूल आठ दिवसांत शिकतं किंवा दोन महिने घेतं. जबरदस्तीने तोंड उघडायला लावलं तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते.

गोळी देण्याची जबाबदारी दोन माणसांनी शिकून घ्या. ज्या घरात एकटी आजीच सगळं बघते, तिथे आजी आठ दिवस आजारी पडली की मुलाचे आठ डोस जातात. मामाकडे, सुट्टीवर, लग्नाला जाताना गोळ्या आधी पिशवीत टाका, मग कपडे. हे सांगावं लागतं, कारण डोस हमखास चुकतात ते प्रवासात.

सात-आठ वर्षांच्या मुलाला कॅलेंडरवर खूण करू द्या. दहाव्या-अकराव्या वर्षी गोळी त्याने स्वतः काढावी, तुम्ही फक्त बघा. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याने स्वतः घ्यावी आणि तुम्ही आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर गोळ्या मोजाव्यात. एकदम सगळं मुलावर सोपवणं ही माझ्या मते सर्वात मोठी चूक आहे, आणि ती प्रेमळ घरांतही होते. 'आता तू मोठा झालास' असं म्हणून ज्या दिवशी तुम्ही हात काढून घेता, त्या दिवसापासून त्याला तो एकटेपणा वाटतो.

चौथा टप्पा: दर भेटीत काय व्हायला हवं

वजन, उंची, डोसची पडताळणी, आणि क्षयरोगाचे चार प्रश्न: खोकला आहे का, ताप आहे का, वजन वाढत नाही का, घरात किंवा शेजारी क्षयाचा रुग्ण आहे का. चारांपैकी एकालाही 'हो' उत्तर असेल तर तपासणी. उत्तरं सगळी 'नाही' असतील तर क्षयरोग टाळणारं औषध मिळेल का, हे विचारा. पाच वर्षांखालच्या मुलाला, ते वर्षभराहून अधिक काळ औषधावर स्थिर नसेल तर, गंभीर अवस्थेतलं समजूनच बघतात. म्हणून त्याचा साधा वाटणारा तापही अंगावर काढू नका. लसीकरण चालू ठेवा, पण बीसीजीसह जिवंत जंतूंच्या लसींचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी, औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, आणि पुढे वर्षातून एकदा होते. आकडा तुम्हाला कळला पाहिजे. 'ठीक आहे' एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. ५० च्या खाली आला तर विषाणू दबलेला आहे. १,००० च्या वर गेला तर आधी डोस का चुकले याचा शोध घेतात, समुपदेशन करतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. दोन्हींच्या मधला आकडाही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

आकडा वाढला की पहिला राग मुलावर निघतो. पण आधी वजन आणि डोस जुळतात का ते बघा, मग नवीन सुरू झालेली औषधं, मग घरात काय घडलंय ते. घर बदललं, वडील वारले, सांभाळणारी मावशी लग्न होऊन गेली, असं काहीतरी बऱ्याचदा सापडतं.

मूल दोन वर्षांवरचं आणि स्थिर असेल तर एका वेळी तीन महिन्यांची औषधं मागा. आई आणि मुलाची तारीख एकाच दिवशी मागा. दोघांच्या वेगवेगळ्या तारखा म्हणजे दोनदा कामावर खाडा आणि दोनदा शाळा बुडवणं. आणि आईच्या स्वतःच्या गोळ्या? तिने मुलाच्या चुकू दिल्या नाहीत आणि स्वतःच्या सोडल्या, असं फार वेळा घडतं. समुपदेशकाने हा प्रश्न न विसरता विचारावा.

पाचवा टप्पा: मुलाला सांगणं

इथे घाई करणाऱ्यांपेक्षा टाळणारे अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शक सूचना सांगते, की शाळेत जाणाऱ्या वयाच्या, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांची स्थिती सांगावी, आणि त्याहून लहान मुलांना त्यांच्या समजेनुसार थोडं थोडं सांगत न्यावं. म्हणजे हे काम एका दिवसाचं नसून काही वर्षांचं आहे. ज्या मुलाला चौथ्या वर्षापासून थोडं थोडं कळत आलंय, त्याला अकराव्या वर्षी आजाराचं नाव ऐकून धक्का कमी बसतो.

न सांगण्याची कारणं मोठ्यांची असतात: ते बाहेर बोलेल, ते खचेल, ते मला विचारेल की हे तुझ्यामुळे झालं का. शेवटचं कारण कोणी उघड बोलत नाही, पण तेच सर्वात जड असतं. आईला आधी स्वतःच्या अपराधीपणाबद्दल बोलायला जागा मिळाली, तर मुलाशी बोलणं निम्मं सोपं होतं. समुपदेशकाने एक अख्खी भेट फक्त त्यासाठी ठेवावी.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे. रोज गोळी घेतली की तो झोपून राहतो. गोळी विसरलो तर तो जागा होतो.' झोपलेला जंतू मुलांना बरोबर समजतो. सात-आठव्या वर्षी शरीरातल्या सैनिकांची गोष्ट त्यात घाला: जंतू सैनिकांवर हल्ला करतो, गोळी सैनिकांना वाचवते. चित्र काढून दाखवा. नंतर रक्ततपासणीत 'तुझे सैनिक किती आहेत, जंतू किती झोपलाय' हे मोजतात, असं सांगितलं की सुईलाही अर्थ येतो. नऊ ते बाराच्या दरम्यान त्या जंतूचं नाव सांगा.

आधी कधी खोटं सांगून बसला असाल, 'ही ताकदीची गोळी आहे' किंवा 'दम्याची आहे' असं, तर ते तसंच ओढत नेऊ नका. मूल डबीवरचं नाव वाचतं, केंद्रातल्या भिंतीवरचे फलक वाचतं, फोनवर शोधतं. कित्येकांना सगळं आधीच कळलेलं असतं आणि ती घरच्यांना सांभाळण्यासाठी अजाण असल्याचं नाटक करत असतात. म्हणून सुरुवात विचारण्यापासून करा.

'तू या गोळ्या कशासाठी घेतोस असं तुला वाटतं?'

उत्तर काहीही येवो, मध्ये तोडू नका. मग सांगा: 'तू लहान होतास तेव्हा मी तुला वेगळं सांगितलं होतं. तेव्हा मला कसं सांगावं ते सुचलं नाही. त्या जंतूचं नाव एचआयव्ही आहे.' आणि थांबा. ही शांतता मोठ्यांना सहन होत नाही, म्हणून ते लगेच समजावायला लागतात. पण मुलाला ती हवी असते.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं आधी तयार ठेवा. 'मी मरणार का?' याचं उत्तर: 'गोळ्या रोज घेतल्यास तर तू मोठा होशील, शिकशील, काम करशील, म्हातारा होशील.' 'मला कसा झाला?' यावर: 'माझ्या शरीरात तो होता. तू पोटात असताना किंवा दूध पिताना तुझ्यात आला. मला तेव्हा माहीत नव्हतं,' किंवा जे खरं असेल ते. आई हयात नसेल तर तिच्याविषयी एकही कडवट शब्द निघू देऊ नका. 'अजून कोणाला माहीत आहे?' याचं पूर्ण खरं उत्तर द्या, नावासकट. हा प्रश्न विश्वासाची परीक्षा असतो.

'हे कोणाला सांगू नकोस' हे वाक्य वेगळ्या पद्धतीने म्हणता येईल का बघा. गुपित म्हटलं की त्याला लाज चिकटते. 'ही तुझी स्वतःची गोष्ट आहे. कोणाला सांगायची ते तू ठरवशील, पण सांगण्याआधी आपण दोघं एकदा बोलू,' असं म्हटलं तर मुलाच्या हातात काहीतरी येतं. कोणाशी मोकळेपणाने बोलता येईल, अशा दोन-तीन माणसांची नावंही तेव्हाच ठरवा.

सांगितल्यानंतरचा आठवडा महत्त्वाचा. झोप, भूक, शाळा, चिडचिड यांवर लक्ष ठेवा. सात-आठ दिवसांनी आणि महिन्याने समुपदेशकाकडे पुन्हा जा आणि मुलाने काय ऐकलं ते त्याच्याच शब्दांत ऐका. काही मुलं पहिल्या दिवशी 'बरं' म्हणून खेळायला जातात आणि तीन महिन्यांनी एका रात्री रडतात. दोन्ही स्वाभाविक आहे.

सहावा टप्पा: शाळा आणि नातेवाईक

हे थोडक्यात. सोबत खेळल्याने, जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, मिठी मारल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. शाळेला सांगितलंच पाहिजे असं नाही. सांगायचं ठरलं तर कोणाला, कशासाठी आणि त्याचा मुलाला काय फायदा, हे आधी ठरवा आणि मुलाच्या संमतीने सांगा. खेळताना गुडघा फुटला तर शिक्षकांनी हातमोजे घालून जखम धुवावी, पण ते प्रत्येक मुलासाठी. एकाच मुलासाठी हातमोजे निघाले की वर्गाला सगळं कळतं. शाळेच्या वेळेत डोस येत असेल तर दिवसातून एकदाच घ्यायचा पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा.

सातवा टप्पा: किशोरवय

आतापर्यंत नीट चाललेली गाडी इथे अडखळते, आणि ती अडखळणारच असं समजून तयारी करा. बारा-तेराव्या वर्षी मुलगा रोज गोळी घेतो. पंधराव्या वर्षी तीच डबी कपाटामागे भरलेली सापडते. कारणं विचारल्यावर तो गप्प बसतो, पण ती असतात: कंटाळा, वसतिगृहात कोणी पाहील ही भीती, 'मलाच का' हा राग, आई गेली तेव्हा औषधं घेऊनही गेली ही आठवण. कधी नुसतं बघायचं असतं, की गोळी नाही घेतली तर खरंच काही होतं का. आणि आठवडाभर काहीच होत नाही, हा या आजाराचा कावा आहे.

प्रश्न बदला. 'गोळी घेतोस ना?' याला 'हो' शिवाय दुसरं उत्तर नसतं. 'बहुतेकांच्या गोळ्या कधी ना कधी राहतात. गेल्या आठवड्यात तुझ्या किती राहिल्या? कोणत्या दिवशी जास्त अवघड जातं?' याला खरं उत्तर मिळू शकतं. आणि खरं उत्तर मिळालं की ओरडू नका, नाहीतर ते शेवटचं खरं उत्तर ठरेल. उपाय साधे असतात: विनालेबलची छोटी डबी, फोनवर साधा गजर, मित्रांसमोर घ्यावी लागणार नाही अशी वेळ.

दहाव्या-बाराव्या वर्षापासून प्रत्येक भेटीतला काही वेळ डॉक्टर किंवा समुपदेशकाने मुलाशी एकट्याने बोलावं. पालकांनी बाहेर थांबायचं. काही पालकांना हे खटकतं, पण मुलगी मासिक पाळीबद्दल, मित्राबद्दल किंवा मरावंसं वाटतं याबद्दल तुमच्यासमोर बोलणार नाही. आतलं बोलणं आत राहील, फक्त जिवाला धोका असेल तरच बाहेर येईल, हा नियम सुरुवातीलाच दोघांसमोर सांगून टाकावा. समुपदेशकाने घर, शिक्षण, दिवस कसा जातो, व्यसन, शारीरिक संबंध, मनःस्थिती या क्रमाने जावं, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे. 'जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?' हा प्रश्न सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात आत्महत्या शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी त्या मुलाला एकटं घरी पाठवू नका.

जन्मतः लागण झालेल्या बऱ्याच मुलांची उंची कमी राहते, वयात येणं उशिरा होतं. वर्गातल्या मुलांना मिशी फुटते आणि आपल्याला नाही, याचं दुःख व्हायरल लोडइतकंच खरं असतं. ते हसण्यावारी नेऊ नका.

शारीरिक संबंधांबद्दल बोलणं पुढे ढकलू नका. सर्वात मोठी आनंदाची बातमी इथेच आहे: व्हायरल लोड सतत इतका कमी राहिला की तपासणीत सापडतच नाही, तर शारीरिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. प्रेम करता येईल, लग्न करता येईल, निगेटिव्ह मुलं होतील, हे पंधरा वर्षांच्या मुलाने तुमच्याकडून ऐकलं तर गोळीला त्याच्या लेखी वेगळंच कारण मिळतं. निरोध तरीही हवाच, नको असलेलं गरोदरपण आणि इतर गुप्तरोग टाळण्यासाठी. स्तनपानाला मात्र हाच नियम जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलींसाठी एचपीव्हीची लस विसरू नका, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. त्यांना शक्यतो तीन डोस दिले जातात.

सगळ्यात परिणामकारक मदत कोणाची, याचं उत्तर झिंबाब्वेतून आलं. तिथल्या झ्वांदिरी कार्यक्रमात स्वतः एचआयव्हीसह वाढलेले १८ ते २४ वयाचे तरुण त्यांच्याहून लहान मुलांच्या घरी जातात, निरोप पाठवतात, सोबत बसतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशी सोबत मिळालेल्या किशोरांमध्ये उपचार फसण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी निघालं. शोना भाषेत झ्वांदिरी म्हणजे 'मी आहे तसा'. तुमच्या केंद्रात असा किशोरांचा गट असेल तर मुलाला तिथे न्या. नसेल तर महिन्यातून एकदा चार मुलांच्या तारखा एका दिवशी लावून त्यांना एका खोलीत बसू देणं कोणत्याही समुपदेशकाला जमण्यासारखं आहे. मोठ्यांनी त्या खोलीत भाषण करू नये.

आठवा टप्पा: मोठ्यांच्या ओपीडीत जाताना

मुलांच्या विभागात सिस्टर त्याला जन्मापासून ओळखत असते. मोठ्यांच्या विभागात तो रांगेतला एक नंबर असतो. बरीच मुलं याच वळणावर हरवतात, म्हणून बदली अठराव्या वाढदिवसाला अचानक करायची गोष्ट नाही. दोन-तीन वर्षं आधी तयारी सुरू करा. त्याला आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, शेवटचा व्हायरल लोड आणि पुढची तारीख न बघता सांगता येते का? औषधं आणायला एकटा जाऊन येतो का? अडचण आली तर कोणाला फोन करायचा हे ठाऊक आहे का? नसेल तर बदली लांबवायला हरकत नाही. व्हायरल लोड वाढलेला असताना, परीक्षेच्या तोंडावर, गरोदरपणात किंवा घरात नुकतंच कोणी गेलेलं असताना बदली करू नये.

पहिल्या भेटीला ओळखीच्या माणसाने सोबत जावं आणि नव्या डॉक्टरांच्या नावासह ओळख करून द्यावी. जुन्या केंद्राने नोंद तोवर बंद करू नये, जोवर नव्या केंद्राकडून 'तो आला, औषध दिलं' असा निरोप येत नाही. ठरलेल्या दिवशी आला नाही तर आठवडाभरात फोन करावा, आणि फोन मुलाने आधी दिलेल्या नंबरावर, त्याने सांगितलेल्या ओळखीनेच करावा. घरी फोन करून 'एआरटी केंद्रातून बोलतोय' असं म्हटल्याने एका मिनिटात वर्षांची काळजी पुसली जाते.

सोबत एक पानी सारांश द्या: औषध कधी सुरू झालं, आधी कोणती औषधं होती आणि का बदलली, अबाकाविर किंवा इतर कशाची अ‍ॅलर्जी, व्हायरल लोडचे आकडे तारखांसह, क्षयरोग झाला होता का, कोणत्या लसी झाल्या, आणि स्वतःची स्थिती कधी कळली. एक प्रत नव्या डॉक्टरांना, एक त्याला स्वतःला. या सारांशाचा फोटो तो फोनमध्ये ठेवणार असेल तर कुलूप असलेल्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगा.